गांजा, वेड आणि एक रकाना

मंडळी, विषय स्मरणिकेला फारसा शोभणारा नाही, हे आधीच कबूल करतो. पण इथल्या अनेक राज्यांत गांजाची दुकाने राजरोस उघडली आहेत आणि आपली मुले कॉलेजात पोहोचली आहेत, त्यामुळे घरोघरी हा विषय निघतोच. आई-बाप म्हणतात, "गांजाने वेड लागते." मुले म्हणतात, "झाडपाला तर आहे, त्याने काय होणार?" या वादाचा एकदा अगदी कसून तपास झाला होता आणि तोही आपल्या हिंदुस्थानात.

मार्च १८९३ मध्ये डब्ल्यू. एस. केन या दारूबंदीच्या पुरस्कर्त्या खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधल्या गांजाच्या चौकशीची मागणी केली. सरकारने सबंध देशासाठीच आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, आणखी तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे आणि चरस म्हणजे राळ, अशी तिन्हींची वेगवेगळी तपासणी झाली. १,१९३ साक्षी नोंदवून १८९४ मध्ये आयोगाने अनेक खंडांचा अहवाल दिला.

त्यातला मला सर्वांत विलक्षण वाटलेला भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. गांजाने वेड लागते याचा मोठा पुरावा म्हणजे तिथली रजिस्टरे. त्यांत 'वेडाचे कारण' असा एक रकाना होता. पण ते कारण बहुधा डॉक्टरने शोधलेले नसे. रुग्णासोबत पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटकडून जो कागद येई, त्यावरून ते उतरवले जाई. माणूस चिलीम ओढतो एवढे कळले की कारण ठरले, गांजा! दुसऱ्यांचे डेटाबेस साफ करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, त्यामुळे हे वाचून हसू आले. जो रकाना भरावाच लागतो, त्यात लोक काहीतरी भरतातच.

आयोगाने १८९२ सालच्या नोंदी एकेक करून पुन्हा तपासल्या. त्या वर्षी दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण होते. तपासाअंती उरले ९८. त्यांतही निव्वळ गांजा-भांग हे कारण ६१ जणांचे, बाकीच्या ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणेही होती.

पण ९८ म्हणजे शून्य नव्हे. आयोगाचा निष्कर्ष दुहेरी होता. बेताच्या सेवनाने सहसा अपाय दिसत नाही, पण अतिसेवनाने होतो, आणि ज्याच्या मनाची घडण मुळात कमकुवत किंवा घराण्यातच वेड, त्याला ते वेडापर्यंत नेऊ शकते. बंदी नको, परवाने आणि कर लावून आवर घाला, अशी शिफारस होती.

पुढे काय झाले? १९२४-२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तचे प्रतिनिधी एल गिंडी यांनी सांगितले, की त्यांच्या देशातले तीस ते साठ टक्के वेड हशिशीमुळे आहे. रजिस्टरातले कारण किती कच्चे असते, हे भारतात तीस वर्षांपूर्वीच छापून झाले होते. तरीही गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली गेला. अमेरिकेत हॅरी अ‍ॅन्सलिंगर यांनी गांजा ओढून खून पडतात अशा कथा पसरवल्या आणि १९३७ चा कर-कायदा आला. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांच्या समितीने १९४४ मध्ये या कथांना आधार नसल्याचे दाखवले, पण उशीर झाला होता.

या अतिशयोक्तीची किंमत आज आपण मोजतो आहोत. गांजेकस मित्र ठणठणीत दिसला, की मुले आपली सगळीच ताकीद मोडीत काढतात, खरी असलेलीसुद्धा. खरी कोणती? १९८७ मध्ये पंचेचाळीस हजारांवर स्वीडिश तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लष्करभरतीपर्यंत पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले. इतर कारणे हिशेबात घेतल्यावर हा आकडा खाली येतो, पण पुसला जात नाही. सेवन करणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला त्याचे व्यसन लागते, पोरवयात सुरुवात केल्यास जास्त जणांना.

शिवाय माल बदलला आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसी हा नशा आणणारा घटक १९९५ मध्ये सरासरी चार टक्के होता, तो २०१४ पर्यंत बारा टक्क्यांच्या आसपास गेला. दुकानातल्या अर्कांत तर तो साठ टक्क्यांच्याही वर असतो. तेव्हा "आपल्याकडे शिवरात्रीला भांग पितातच की" हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. वर्षातून एकदा घोटलेली पाने वेगळी आणि रोजचा अर्क वेगळा.

म्हणून मुलांना भीती न घालता आकडे सांगावेत, असे मला वाटते. घराण्यात कुणाला मानसिक आजार असेल, तर तोही लपवू नये. या प्रश्नात तीच माहिती सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी तीच आपण दाबून ठेवतो. मूळ अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवला आहे. सवडीने मुलांबरोबर बसून जरूर चाळा.