हात आखडता घेण्याचा इतिहास

मराठी भाषेत हाताचे वाक्प्रचार पुष्कळ. हात ओले होतात, हात वर होतात, हात टेकले जातात आणि देण्याची वेळ आली की हात आखडता घेतला जातो. यांतला शेवटचा प्रकार कंजूष माणसाच्या खात्यावर जमा झालेला आहे. माझ्या मते ही नोंद चुकीच्या खात्याला पडली. हात खरोखर आखडतो तो खुर्चीवर बसून लिहिणाऱ्याचा. कंजुषी त्याची नसतेच. ती असते शेगडीचा कोळसा ज्याच्या ताब्यात आहे त्याची.

बी.कॉम.ला हा इतिहास शिकवत नाहीत. १४९४ साली डबल एन्ट्रीवर लिहिणारा पाचोली तेवढा शिकवतात. पण डबल एन्ट्री करणाऱ्या बोटांचे हिवाळ्यात काय होत होते, याविषयी अभ्यासक्रम गप्प. म्हणून हा उद्योग मी स्वतःच्या अंगावर घेतला. निमित्त आमच्या शाखेतला एअर कंडिशनर. त्याचे तोंड माझ्या टेबलाकडे आणि रिमोट साहेबांच्या केबिनमध्ये. बाहेर मुंबई घामाने निथळत असते आणि आत मी एका हाताने माऊस धरून दुसरा हात मांडीखाली दाबून बसलेला असतो. थोड्या वेळाने हातांची ड्युटी बदलते.

या विषयातली एक फार जुनी तक्रार सन ७६४ मधली आहे. इंग्लंडात वेअरमथ-जॅरो नावाचा मठ होता. तिथे बीड नावाचे (आपला जिल्हा नव्हे) मोठे विद्वान साधू होऊन गेले. त्यांचे ग्रंथ हवेत, अशी मागणी जर्मनीतल्या माइन्झचे बिशप लुल यांनी केली होती. मठाधिपती कथबर्ट यांनी काही ग्रंथ पाठवले आणि सोबत पत्र लिहिले, की यंदाच्या हिवाळ्याने, बर्फाने आणि वादळांनी आमच्या बेटाला इतके छळले की लेखनिकाचा हात चालेना, म्हणून जास्त पुस्तके धाडता आली नाहीत. 'काम पेंडिंग का?' या प्रश्नाला इतके प्रामाणिक उत्तर मी आजवर कुठल्याही फाइलमध्ये वाचलेले नाही.

पण खरी मौज त्याच पत्रात पुढे आहे. थंडीपासून अंगाचे रक्षण व्हावे म्हणून लुल यांनी कथबर्टना एक पांघरूण भेट दिले होते. त्याचे त्यांनी काय केले? तर मोठ्या आनंदाने ते चर्चच्या वेदीवर घातले! आता बोला. हात लेखनिकाचे गारठलेले आणि पांघरूण दगडी वेदीला. वर त्याच पत्रात मागणी काय, तर तुमच्याकडे काचेची भांडी करणारा चांगला कारागीर असेल तर पाठवा आणि एखादा वीणेसारखे वाद्य वाजवणाराही पाठवा. लेखनिकासाठी एक लोकरीचा हातमोजा? छे, तो यादीत नाही.

चीनमध्ये सोंग लिएन नावाचे विद्वान होऊन गेले. नावात सोंग असले तरी गृहस्थ अस्सल. पुढे त्यांच्या देखरेखीखाली युआन राजघराण्याचा अधिकृत इतिहास लिहिला गेला. लहानपणी मात्र घरी गरिबी, पुस्तके विकत घेण्याची ऐपत नाही. मग पुस्तकांचा संग्रह असलेल्या घरांतून उसनी आणायची, हाताने उतरवून घ्यायची आणि कबूल केलेल्या दिवशी परत करायची. म्हातारपणी, १३७८ साली, एका तरुण विद्यार्थ्याला निरोप देताना त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. कडाक्याच्या थंडीत दौतीच्या दगडावरची शाई गोठून घट्ट होई, बोटे वाकत नसत की सरळ होत नसत, तरी त्यांनी नक्कल थांबवली नाही. उतरवून होताच धावत जाऊन पुस्तक परत. नेलेले पुस्तक परत करणे ही गोष्ट उबदार हातांनाही जमत नाही, असा आपल्याकडच्या वाचनालयांचा अनुभव आहे.

गारठलेल्या हाताचा सर्वांत प्रसिद्ध कारकून मात्र कागदावरचा आहे. डिकन्सच्या १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधला बॉब क्रॅचिट. मालक स्क्रूजच्या खोलीत विस्तव बेताचा, कारकुनाच्या खोलीत त्याहून बेताचा. कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत. फावडे घेऊन आत गेलास तर नोकरी जाईल, ही धमकी वर. बिचारा गळ्याला मफलर गुंडाळून मेणबत्तीवर हात शेकायला बघतो. हात चोळत बसणे म्हणजे काय, ते तिथे कळते. कथेच्या शेवटी स्क्रूज सुधारतो तेव्हा पगारवाढीसोबत कोळशाची नवी बादली आणायला सांगतो. डिकन्स लहानपणी कारखान्यात राबलेला आणि पुढे वकिलाकडे कारकुनी केलेला माणूस. पगारवाढ आणि ऊब या दोन वेगळ्या मागण्या आहेत, हे त्याला ठाऊक होते.

इंग्लंडच्या सरकारला ते कळायला १९६३ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने कचेरीत बसून काम करणाऱ्यांसाठी किमान १६ अंश सेल्सिअस तापमान ठरवून दिले, आणि ते दिसावे म्हणून मजल्यामजल्यावर थर्मामीटर. फक्त एक बारीक अट होती. हे तापमान कामाचा पहिला तास उलटल्यावर लागू! पहिल्या तासाची थंडी बहुधा कर्मचाऱ्याच्या खात्यातून वजा होत असावी.

आमच्याकडे प्रश्न उलटा. मुंबईत गारठा निसर्ग देत नाही, व्यवस्थापन देते. एअर कंडिशनरची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. त्यावर विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने यंत्रणा आखली. म्हणजे हे यंत्र जन्मले ते कागदासाठी. आपल्याकडे बँकांच्या संगणकीकरणाविषयी रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा गारवाही त्यांच्याच मानाने आला. चपला बाहेर काढून आत जायचे, असे जुने लोक सांगतात. देवळात निदान प्रसाद तरी मिळतो.

वेदीला पांघरूण, कागदाला गारवा, मशीनला गारवा. बाराशे वर्षांहून जास्त काळ तापमान दुसऱ्याच कुणासाठी ठरते आहे. माणसासाठी ठरवले तेव्हाही माणूस ठरावीकच. २०१५ साली दोन डच संशोधकांनी दाखवून दिले की कचेऱ्यांच्या तापमानाचा हिशेब १९६०च्या दशकातल्या सरासरी पुरुषाच्या शरीरावर बेतलेला आहे. बायकांच्या शरीरात उष्णता कमी तयार होते, ते हिशेबात नाही. आमच्या शाखेतल्या भगिनी मे महिन्यात शाल घेऊन का येतात, याचे उत्तर मला तिथे सापडले. आम्ही उगाच त्यांची थट्टा करत होतो.

मुळात बोटेच का गारठतात? हा व्यवहार बँकवाल्याला लगेच समजेल. थंडी वाजली की शरीर आपली रोकड, म्हणजे गरम रक्त, मुख्य कार्यालयात ओढून घेते. हृदय, यकृत वगैरे हेड ऑफिस सुरक्षित, आणि बोटे म्हणजे आडगावच्या शाखा. त्यांना सांगितले जाते, आहे त्यात भागवा. शिवाय बोटांना स्वतःचे स्नायू जवळजवळ नसतातच. त्यांना हलवणारे बरेचसे स्नायू कोपराखाली असतात. म्हणून नुसती बोटे चोळून भागत नाही. मनगट आणि कोपरापर्यंतचा हात झाकावा, मधून उठून चार पावले चालावे, कटिंगचा ग्लास दोन्ही हातांत धरावा. पूर्वी कारकून कोपरापर्यंतच्या बाह्या चढवत, त्या शर्टाला शाई लागू नये म्हणून. नकळत योग्य जागा झाकली जात होती.

आणि साहेबांसाठी एक आकडा. २००४ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲलन हेज यांनी फ्लोरिडातल्या एका विमा कचेरीत मोजमाप केले. फ्लोरिडा म्हणजे बाहेर मुंबईसारखाच उकाडा. आतले तापमान २० अंशांवरून २५ वर नेल्यावर टायपिंगच्या चुका ४४ टक्क्यांनी घटल्या. पाहणी थोड्याच लोकांची होती, पण हा आकडा मी कागदावर लिहून केबिनच्या दारावर चिकटवला आहे. हात गारठला हे कुणी ऐकत नाही, काम अडले हे सगळे ऐकतात. कथबर्ट यांनाही थंडीची आठवण पुस्तके कमी पडल्यावरच झाली होती.

तेव्हा काउंटरवरचा माणूस नोटा सावकाश मोजताना दिसला तर लगेच आवाज चढवू नका. त्याच्या डोक्यावर कुठे झरोका आहे का ते आधी बघा. तो हात आखडता घेत नाही. हात त्याचा आखडलेला आहे, आणि रिमोट दुसऱ्याकडे आहे.