खोगीरभरतीची बदनामी

क्रिकेटच्या संघात दोन-तीन नावं उगाच घेतल्यासारखी वाटली की आपण म्हणतो, ‘ही खोगीरभरती आहे.’ पानं वाढवायला घातलेले परिच्छेद, प्रोजेक्टमध्ये डोकी मोजून दाखवायला बसवलेली माणसं, मंत्रिमंडळातली शेवटची चार खाती, सगळी खोगीरभरतीच. शब्द रोजचा आहे, पण खुद्द खोगीर आपल्यातल्या किती जणांनी पाहिलंय? खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरची मऊ, भरीव बैठक. खोगीरभरती म्हणजे तिच्या पोटात कोंबलेल्या चिंध्या, लोकर, गवत, जे मिळेल ते. ती बाहेरून दिसत नाही आणि तिला वेगळं मोल नाही, म्हणून शब्दाला हिणकस अर्थ चिकटला.

पण खोगीर घोड्याला नीट बसतंय की नाही, हे ठरायचं ते या भरतीवरच. मराठ्यांच्या घोडदळाबद्दल आपण भरभरून बोलतो. त्या घोडदळाची पाठ शाबूत ठेवणाऱ्या या गोष्टीबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

हा विषय भीमेकाठचा आहे. ‘भीमथडी’ म्हणजे भीमेचा काठ. इंग्रजी काळात इंदापूरच्या शेजारी भीमथडी नावाचा तालुकाच होता आणि बारामती त्यात येत असे. त्याआधी पुणे, सुपे, चाकण आणि इंदापूर हा भोसल्यांच्या जहागिरीचा मुलूख. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे हे निजामशाहीतले सरदार, आणि ते लढाईत पडले ते इंदापुरातच. इथल्या तट्टांचं नाव इतकं झालं, की राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही भीमथडीची तट्टं आहेत.

हे जनावर कसं? उंचीला सव्वा मीटरच्या आसपास, काटक, कमी चाऱ्यावर भागवणारं. तट्टू म्हटलं की लोकांना किरकोळ, हडकुळं काहीतरी वाटतं. पण बुटक्या घोड्याला पावसाळ्यात चार महिने हिरवा चारा आणि आराम मिळाला, की बरगड्या मांसात बुजतात, पाठ रुंद होते आणि पिंपासारखी गोल दिसू लागते. जीन बसवणाऱ्याची खरी परीक्षा अशाच पाठीवर होते.

घोड्याच्या पाठीचा कणा वजन घ्यायला बनलेलाच नाही. वजन पेलायचं ते कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंनी आणि त्यांच्याखालच्या बरगड्यांनी. म्हणून चांगल्या बैठकीला मधोमध मोकळी नाळ लागते आणि दोन्ही बाजूंना सपाट, सारखा टेकणारा भाग. हिशेब साधा आहे. स्वार आणि जीन मिळून ७५ किलो धरू. ते हजार चौरस सेंटिमीटरवर पसरलं, तर दर चौरस सेंटिमीटरला ७५ ग्रॅम भार येतो. बैठक नीट न टेकल्यामुळे तेच वजन तीनशे चौरस सेंटिमीटरवर आलं, तर भार अडीचशे ग्रॅम होतो. तोही तासन्‌तास, प्रत्येक पावलाला घासत. त्या जागचा रक्तपुरवठा तुटतो, कातडी सोलवटते आणि घोड्याची ‘पाठ लागते’. पुढे जखम भरली तरी तिथे बरेचदा पांढरे केस उगवतात. त्या घोड्यावर कधीकाळी चुकीचं जीन चढलं होतं, याची ती कायमची नोंद असते.

गोल पाठीची अडचण याहून वेगळी. मानेच्या मुळाशी खांद्यांवर जो उंचवटा असतो, तो ठळक असला तर बैठक जागेवर धरून ठेवतो. गोल पाठीत तो बुजलेला असतो. मग एका रिकिबीत पाय देऊन चढायला जावं, तर सगळं जीन कलंडून पोटाखाली येतं. यावर नवख्याला दोन उपाय सुचतात आणि दोन्ही चुकीचे असतात. पहिला, तंग आणखी आवळणं. त्याने दाब वाढतो, श्वास अडतो, आणि घसरायचं ते घसरतंच. दुसरा, खाली आणखी जाड गादी घालणं. बूट आधीच चावत असताना जाड मोजे घालण्यातला हा प्रकार. सांगाडा अरुंद असेल तर तो पाठीवर टेकत नाही, वरच्या वर तिवईसारखा उभा राहतो. पुढून खांद्यांना चिमटा बसतो, पुढची बाजू उचलली जाते आणि स्वार मागे कंबरेवर ढकलला जातो.

खरा उपाय म्हणजे रुंद कमान, रुंद नाळ, आणि भरती कमी पण सगळीकडे सारखी. बैठक पुढे सरकत असेल तर शेपटीखालून दुमची, मागे सरकत असेल तर छातीवरून पेशबंद. थोडक्यात, खोगीरभरती जास्त झाली की घातक आणि कमी पडली की तीही घातक. शब्दाच्या आजच्या अर्थात यातला पहिलाच अर्धा भाग उरला आहे.

खोगीर हा शब्द मुळात फारसी, घाम टिपणारं या अर्थाचा. जीन, तंग, दुमची, पेशबंदही तिकडूनच आले. जीन करणारे ते जीनगर. मऊ खोगिराचा मोठा फायदा असा, की ते उसवता येतं, भरती काढता-घालता येते, पुन्हा शिवता येतं. आजच्या भाषेत, त्यात बदल करायची सोय मुळातच ठेवलेली होती.

आणि तशी गरज दरवर्षी पडत असणार. पावसाळ्यात फौजा छावणीला असत. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, असा इशारा त्यात आहे. छावणीत नीट जगलेला घोडा दसऱ्याला बाहेर पडे, तेव्हा त्याची पाठ ज्येष्ठातली राहिलेली नसे. मोहिमेत दोन महिने दौडल्यावर ती पुन्हा उतरे. म्हणजे एकाच घोड्याला वर्षातून निदान दोनदा भरती बदलायला हवी. बारगिराचा घोडा सरकारी, पण शिलेदाराचा स्वतःचा. त्याची पाठ लागली की रोजगार बुडाला. अशा माणसाने भरतीला फालतू म्हटलं असेल, असं मला वाटत नाही.

पुढे पेशवाई गेली आणि घोडदळं मोडली. १८५७ नंतर इंग्रजांनी कानपूरला लष्करासाठी जीन-सामानाचा सरकारी कारखाना काढला. ठरलेल्या मापाचा टणक सांगाडा आला, शेकड्याने एकसारखा. ज्याची पाठ त्या मापाची, त्याला तो उत्तमच. बाकीच्यांनी जमवून घ्यायचं. जीनगरांतले अनेक जण हळूहळू मूर्ती, रंगकाम, पुस्तकबांधणीकडे वळले.

भीमथडीचा घोडा तगला तो मेंढपाळ धनगरांमुळे. दिवाळीनंतर वाडा बाहेर पडतो तेव्हा वाघुरीची जाळी, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असतं. इथे रिकीब नाही, चामडं नाही. पण ओझं दोन्ही अंगांना सारखं हवं आणि कण्यावर दाब नको, हा नियम तोच. गोल पाठीवर एका बाजूला ओझं जड झालं की घाटात सगळा संसार उलटतो.

अलीकडे या घोड्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. नोंद झालेली ही देशातली आठवी जात. मान्यतेनंतर हौशी लोक घोडा घेतील, स्पर्धा होतील, पर्यटकांना रपेट मिळेल. मग उंच, शिडशिडीत घोड्यासाठी बनलेलं तयार जीन या रुंद पाठीवर चढेल आणि घोडा उधळला की ‘जातच हट्टी’ असा शिक्का बसेल. तो टाळण्याचं काम अवघड नाही. वाकणारी तार पाठीवर खांद्यामागे, मधे आणि कंबरेपाशी आडवी दाबायची, तो आकार कागदावर उतरवायचा आणि त्यावरून बैठक निवडायची. तासभर फिरवून जीन उतरवल्यावर घाम पाहायचा. दोन्ही बाजूंना सारखा ओला असेल तर ठीक. मधेच कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब जास्त आहे किंवा बैठक टेकतच नाही. आणि हे दर हंगामाला पुन्हा करायचं, कारण पाठ बदलते.

घोड्याची जात कागदावर वाचली आहे. तिच्या मापाचं खोगीर भरणारे हातही आता तयार करावे लागतील.