समस्थानिक, हम-जा आणि आपली ‘जागा’

अमरावती-अकोल्यात एकाच घरातला थोरला उर्दू शाळेत आणि धाकटा मराठी शाळेत, हे आपल्याला नवीन नाही. विज्ञान शिकताना धाकट्याला ‘समस्थानिक’ भेटते, थोरल्याला ‘हम-जा’. दोघेही व्याख्या पाठ करतात. मला वाटते, आधी शब्द उघडून पाहावा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांना तीसहून अधिक किरणोत्सारी पदार्थ सापडले होते. आवर्तसारणीत शिसे ते युरेनियम जागा मात्र अकराच. ग्लासगो विद्यापीठातील फ्रेडरिक सॉडी यांच्या लक्षात आले की, यांतले काही पदार्थ वजनाने वेगळे असूनही रसायनाच्या दृष्टीने एकच आहेत. म्हणजे त्यांची जागाही एकच. पण याला म्हणायचे काय? शब्द सुचवला मार्गारेट टॉड यांनी. त्या डॉक्टर होत्या, कादंबऱ्याही लिहीत. ग्रीकमध्ये ‘आयसोस’ म्हणजे समान, ‘टोपोस’ म्हणजे जागा. त्यातून आयसोटोप. डिसेंबर १९१३ मध्ये सॉडींनी तो ‘नेचर’मध्ये छापला. १९२१ चे रसायनशास्त्राचे नोबेल सॉडींना मिळाले. टॉड १९१८ मध्येच वारल्या होत्या. त्यांचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

वजनातला फरक न्यूट्रॉनमुळे पडतो, हे कळायला १९३२ उजाडले. तरी शब्द चुकला नाही, कारण तो वजनावरून नव्हे, जागेवरून घडवला होता.

उदाहरण आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातच आहे. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन क्षाराच्या रूपात असते. त्याचे साधारण चारांपैकी तीन अणू ३५ वजनाचे, एक ३७ चा. दोन्हींत प्रोटॉन १७ च. न्यूट्रॉन एकात १८, दुसऱ्यात २०. जिभेला दोन्ही सारखेच खारट. पुस्तकात क्लोरीनचे वजन ३५.५ असे अर्धवट का दिसते, त्याचे उत्तर या मिश्रणात आहे.

आता शब्द पाहा. सम म्हणजे समान, स्थान म्हणजे जागा. फारसीत ‘हम’ म्हणजे समान, ‘जा’ म्हणजे जागा. आणि मराठीतला ‘जागा’ हा शब्दही फारसीतूनच आलेला!

उर्दू शाळेतून पुढे मराठी किंवा इंग्रजीत शिकायला जाणारी आपली मुले नव्या शब्दांना बिचकतात, काही तर विज्ञानच सोडतात. हे तीन शब्द त्यांना एकदा शेजारी शेजारी लिहून दाखवा. भाषा बदलली तरी शिकलेले वाया गेलेले नाही, हे त्यांना कळेल.