प्रतिस्पर्ध्याचा हक्क : ब्लॅकबर्न, पुणे आणि क्लबाची मालकी



आजच्या विषयाची सुरुवात एका गावापासून करू. इंग्लंडच्या वायव्येला लँकेशर परगणा आहे, तिथलं ब्लॅकबर्न. कापडगिरण्यांचं गाव. या गिरण्यांत धोतरं विणली जायची आणि बोटीने हिंदुस्थानात यायची. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी विलायतेला गेले, तेव्हा याच गावाच्या शेजारी डार्वेनला जाऊन ते गिरणी कामगारांना भेटले होते. आणि नोव्हेंबर २०१० मध्ये याच गावचा फुटबॉल क्लब, ब्लॅकबर्न रोव्हर्स, आपल्या पुण्याच्या वेंकीजने २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. ज्यांनी विणलेलं धोतर आपले पणजोबा नेसायचे, त्यांचा क्लब कोंबड्या-अंड्यांच्या धंद्यातल्या पैशावर पुण्याकडे आला. काळाची गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. पण या व्यवहारांत एक प्रश्न आहे आणि तो आम्हाला स्वस्थ बसू देत नाही.

प्रश्न असा. परदेशी धनिकाने क्लब घेतला की त्या क्लबाचे चाहते बोलतात, ते साहजिकच आहे. पण स्पर्धेतल्या इतर क्लबांचे चाहतेही बोलतात. त्यांचा काय संबंध? शेजाऱ्याने घर कोणाला विकलं, याच्याशी आपल्याला काय करायचंय? यावर नेहमीचं उत्तर म्हणजे, हा जळफळाट आहे. असा मालक यांना मिळाला असता तर हेच लोक नाचले असते. आणि ते खोटंही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने न्यूकॅसल क्लबाचा ८० टक्के हिस्सा घेतला, तेव्हा मैदानाबाहेर लोक खरोखरच नाचले. परंतु तक्रार करणारा जळतो आहे, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. बोलणाऱ्याचा हेतू एक आणि बोलण्यातलं सत्य दुसरं, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही तीस-तीस वर्षं शिकवत आलो. फुटबॉलपुरतं ते विसरायचं कारण नाही.

तर इतिहासाकडे वळू. १८८३ सालचा एफए कपचा अंतिम सामना. एका बाजूला ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटनच्या बड्या शाळेतून शिकून गेलेली खानदानी मंडळी. दुसऱ्या बाजूला ब्लॅकबर्न ऑलिम्पिक : विणकर, सूत काढणारे, ओतारी, नळजोडणी करणारा. ऑलिम्पिक जादा वेळेत २-१ असं जिंकलं आणि हा चषक पहिल्यांदाच लंडनच्या बाजूची वेस ओलांडून उत्तरेकडे गेला. कामगारांच्या विजयाची गोष्ट म्हणून ही नेहमी सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण सामन्याआधी या खेळाडूंना सरावासाठी ब्लॅकपूलला समुद्रकाठी नेलं होतं आणि तो खर्च सिडनी येट्स नावाच्या स्थानिक ओतशाळेच्या मालकाने उचलला होता. दक्षिणेकडचे लोक विचारू लागले की, कामगार माणूस इतके दिवस काम सोडून राहतो, तर त्याची चूल कोण पेटवतो? प्रतिस्पर्ध्याच्या थैलीकडे बोट दाखवणं सुरू झालं ते असं, आज अबुधाबीचं आणि रियाधचं नाव घेतात त्याच्या सव्वाशे वर्षं आधी.

पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, लंडनच्या अप्टन पार्क क्लबाने प्रेस्टनविरुद्ध रीतसर तक्रार केली की हे लोक खेळाडूंना पैसे देतात. प्रेस्टनचा कर्ताधर्ता विल्यम सडेल सरळ म्हणाला, होय, देतो. प्रेस्टनला चषकातून बाहेर काढलं. त्यावर उत्तरेतले क्लब वेगळी चूल मांडायची भाषा करू लागले, आणि जुलै १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणं अधिकृत झालं. मात्र एक अट घातली. चषकात खेळायचं तर पगारी खेळाडू मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला हवा, नाहीतर दोन वर्षं तिथे राहिलेला हवा. सहा मैल! खेळाडू कुठला, हे दोरी लावून मोजलं. पैसा कुठला, हे मोजायचं कोणाच्या मनातही आलं नाही. कारण सरळ आहे. पैसा सगळ्यांना दिसत होता. गिरणीमालकाचा बंगला टेकडीवर होता, रविवारी तो त्याच चर्चमध्ये यायचा, त्याला रस्त्यात गाठून चार शब्द सुनावता यायचे.

आणि ऑलिम्पिकचं काय झालं? १८८९ मध्ये तो क्लब बंद पडला. पगारी खेळाचा रस्ता ज्यांनी उघडला, त्यांनाच पगार परवडेनात. गावातल्याच रोव्हर्सच्या मागे जास्त पैसेवाली माणसं होती. ही कहाणी आम्हाला फार महत्त्वाची वाटते, कारण पैसा इथे परका नव्हता. गावच्या पैशानेही गावचा प्रतिस्पर्धी संपतो.

१८८८ मध्ये बारा क्लबांनी लीग सुरू केली. रोव्हर्स त्या बारांतले. लीग म्हणजे काय, हे नीट पाहू या. किराणा दुकानदाराचा शेजारी दुकानदार बुडाला, तर याचं गिऱ्हाईक वाढतं. फुटबॉलमध्ये शेजारी बुडाला तर शनिवारी खेळायचं कोणाशी? वॉल्टर नील नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली हाच विरोधाभास मुष्टियुद्धाचं उदाहरण देऊन मांडला. जो लुईला कमाई हवी असेल, तर त्याला समोर तगडा मॅक्स श्मेलिंग हवा. इथे माल एकट्याचा नसतोच, दोघे मिळून तो तयार करतात. आपल्या नैयायिकांना हे सांगावं लागलं नसतं. पक्ष आणि प्रतिपक्ष असल्याशिवाय वाद होत नाही, हे न्यायदर्शनाने फार पूर्वी लक्षणातच घालून ठेवलं आहे. ज्याला फक्त जिंकायचं असतं, त्याच्या बोलण्याला तिथे जल्प असं वेगळं नाव आहे.

लीगच्या जुन्या कारभाऱ्यांना तत्त्वज्ञान ठाऊक नसेल, पण व्यवहार कळत होता. तिकिटांच्या पैशातला वाटा पाहुण्या संघाला द्यायचा. खेळाडूचा पगार १९०१ पासून आठवड्याला चार पौंडांवर बांधला. यात खेळाडूंवर अन्याय होता, उघड अन्याय होता, आणि पगाराची ती मर्यादा १९६१ मध्ये सुटली ते बरंच झालं. तसंच क्लब कंपनी झाला तरी भागधारकांना लाभांश किती, यावर फुटबॉल असोसिएशनने मर्यादा घातली आणि संचालकांना पगार घ्यायला मनाई केली. म्हणजे क्लब कागदावर कंपनी, पण त्यातून श्रीमंत व्हायचं नाही. मंदिराच्या विश्वस्तासारखं समजा. (विश्वस्त कसे असतात हे आपण जाणतो, पण निदान नियम तरी असतो!)

हे सगळं मोडलं त्याचं साल आम्ही १९८३ धरतो. त्या वर्षी टॉटनहॅम हॉटस्परने क्लबावर एक दुसरी कंपनी बसवली आणि ती शेअर बाजारात आणली. लाभांशाची मर्यादा क्लबाला होती, वरच्या कंपनीला नव्हती. त्याच वर्षी लीगच्या सामन्यांत पाहुण्या संघाचा तिकिटांतला वाटाही बंद झाला. परदेशी धनिक यायला अजून वीस वर्षं होती. दार मात्र घरच्यांनीच काढून ठेवलं होतं.

मग जॅक वॉकर. ब्लॅकबर्नचाच माणूस, पोलादाच्या व्यापारात गब्बर झालेला. १९९१ मध्ये त्याने रोव्हर्स ताब्यात घेतला, १९९२ मध्ये ॲलन शिअररला ३३ लाख पौंड मोजून आणलं, तो तेव्हाचा ब्रिटिश विक्रम होता, आणि १९९५ मध्ये क्लब प्रीमियर लीगचा विजेता झाला. इतर गावांतले चाहते म्हणाले, विजेतेपद विकत घेतलं. ब्लॅकबर्नमध्ये मात्र त्याचा पुतळा आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. वॉकर आज असता तर त्याला कोणी परदेशी गुंतवणूकदार म्हटलं नसतं. पण लीगच्या तराजूवर त्याच्या पैशाचं वजन परदेशी पैशाइतकंच पडलं.

वॉकर २००० मध्ये गेला. २००३ मध्ये रोमन अब्रामोविचने चेल्सी घेतला, २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड, २००८ मध्ये अबुधाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांनी मँचेस्टर सिटी. या तिघांना एका माळेत ओवायची पद्धत आहे, पण ते बरोबर नाही. ग्लेझरांनी क्लब घ्यायला काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबाच्याच डोक्यावर टाकला. त्यावर संतापले ते युनायटेडचे स्वतःचे चाहते. त्यांतल्या काहींनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा छोटा क्लब काढला. प्रतिस्पर्ध्यांना ग्लेझरांची विशेष भीती नव्हती. त्यांना भीती उलट्या प्रकारच्या मालकाची, जो ओरबाडत नाही, ओततो. सिटीवर लीगने फेब्रुवारी २०२३ मध्ये आर्थिक नियम मोडल्याचे शंभरावर आरोप ठेवले. क्लबाने ते नाकारले. पण ज्या हंगामांबद्दल हे आरोप आहेत, त्या हंगामांत दुसऱ्या आलेल्या संघाचा चाहता काय म्हणेल? त्याच्या आयुष्यातली ती वर्षं निकाल काहीही लागला तरी परत येत नाहीत.

आता पुण्याकडे. वेंकीज आले तेव्हा रोव्हर्स प्रीमियर लीगच्या मधल्या जागांवर होता. महिन्याच्या आत अनुभवी प्रशिक्षक सॅम अलरडाइस यांना काढलं. क्लबाचे खेळाडू चिकनच्या जाहिरातीत दिसले. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात चाहत्यांनी क्लबाच्या झेंड्याचं कापड पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. सामना हरला आणि क्लब खालच्या श्रेणीत गेला. २०१७ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत, तिथून एका वर्षात वर आला. मालकांनी वर्षानुवर्षं तोटा भरून काढला हेही सांगितलं पाहिजे, आणि अलीकडे हे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली हेही. ब्लॅकबर्नच्या खेळाडूचा पगार वेळेवर होईल का, हे दिल्लीतल्या तारखेवर ठरू लागलं. सहा मैलांच्या दोरीपासून आपण किती दूर आलो, बघा.

शेजारच्या बर्नलीत या सगळ्याला खूप हसले. दोन्ही गावांचं वैर १८८० च्या दशकापासूनचं. पण डिसेंबर २०२० मध्ये बर्नलीच एका अमेरिकी कंपनीने घेतला, तोही क्लबावर कर्ज चढवून, आणि २०२२ मध्ये बर्नलीही खालच्या श्रेणीत उतरला. ‘परदेशी’ या शब्दावर आम्ही फार भर देत नाही, त्याचं कारण बरी नावाचा क्लब. तोही लँकेशरचाच, १८८५ चा. मालक इंग्लिशच, तरी क्लब कर्जात बुडाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. त्या हंगामात तिसरी श्रेणी चोविसाऐवजी तेवीस संघांची खेळवावी लागली. म्हणजे तेवीस गावांच्या वेळापत्रकाला भोक पडलं. ‘परदेशी’ म्हणून ओरडणाऱ्यांत काहींचा राग कातडीच्या रंगावर असतो, तेही लपवायचं कारण नाही. पण ती माणसं वजा केली तरी तक्रार उरतेच. मालकाला कोणी जाब विचारू शकत नाही, ही ती तक्रार.

जर्मनीत १९९८ पासून क्लबाच्या मतांतलं बहुमत सभासदांकडे राहावं असा नियम आहे. पेय विकणाऱ्या ऑस्ट्रियन कंपनीने २००९ मध्ये लाइपझिगमध्ये क्लब उभा केला आणि मोजकेच सभासद ठेवून नियमाचा शब्द पाळला. तिथे सगळ्यांत जोरात ओरडले ते इतर गावांचे चाहते. २०१६ मध्ये डॉर्टमुंडचे कित्येक जण त्या सामन्याला गेलेच नाहीत.

इंग्लंडमध्येही प्रतिस्पर्धी बोलले. न्यूकॅसलच्या खरेदीनंतर दोन आठवड्यांच्या आतच, मालकाशी संबंधित कंपन्यांकडून जाहिरातीचे करार घ्यायला तात्पुरती बंदी घालावी, असं वीसपैकी अठरा क्लबांनी मत दिलं. न्यूकॅसल विरोधात, सिटी तटस्थ. त्याच महिन्यात क्रिस्टल पॅलेसच्या चाहत्यांनी सौदी राजवटीवर टीका करणारा मोठा फलक फडकवला. पोलिसांकडे तक्रार गेली. गुन्हा नाही, असं पोलिसांनी ठरवलं. आम्हाला या फलकाचं मोल त्या अठरा मतांहून जास्त वाटतं. अठरा क्लबांना आपली जागा राखायची होती. फलकवाल्यांना त्यातून एक गुणही मिळणार नव्हता.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने फुटबॉलच्या कारभाराचा कायदा केला आणि स्वतंत्र नियामक नेमला. मालक कोण, पैसा कुठून आला, हे तो तपासणार. क्लबाचं बोधचिन्ह, जर्सीचे रंग, मैदान यांबाबत क्लबाला आपल्या चाहत्यांना विचारावं लागेल. आपल्या चाहत्यांना, म्हणजे ब्लॅकबर्नने ब्लॅकबर्नच्यांना. ब्लॅकबर्नच्या मालकाबद्दल बर्नलीच्या माणसाला विचारावं, असं कलम त्यात नाही. १८८४ मध्ये अप्टन पार्कला निदान तक्रारीचा अर्ज करता आला होता.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ या.