मुंबईची खबर : डिसेंबर १९९२ ते मार्च १९९३

आपल्या तुकडीने दहावीची परीक्षा मार्च १९९३ मध्ये दिली. त्या वर्षीच्या सहली, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मी त्याच वर्षातल्या दुसऱ्या एका गोष्टीची नोंद करतो.

ओरोसपासून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. कोकण रेल्वे अजून यायची होती, रात्रभर एसटीत बसावे लागे. तरी मुंबई आपल्याला लांब वाटत नसे, कारण घरटी एक तरी चाकरमानी तिथे होता. १९८२ च्या संपानंतर गिरणीतली बरीच माणसे गावी परतली, पण मनीऑर्डर अजून मुंबईहूनच येई.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगल उसळली. ती थोडी शमली, पण जानेवारीत पुन्हा भडकली. माझे काका जोगेश्वरी पूर्वेला राहत. ७ जानेवारीच्या रात्री तिथल्या राधाबाई चाळीत माणसे कोंडून जाळली गेली. रेडिओवर ‘जोगेश्वरी’ एवढेच ऐकू आले आणि आजीने जेवण सोडले. शेजारणी दारात येऊन विचारत, “काय गो, खबर इली काय?”

माझ्या बाकावरच्या मित्राचे चाचा मोहम्मद अली रोडला राहत. ९ जानेवारीला त्या भागातल्या सुलेमान उस्मान बेकरीत पोलिसांचा गोळीबार झाला. आम्ही दोघे मधल्या सुट्टीत वाचनालयात जाऊन पेपर चाळायचो. मुंबईचा पेपर येईपर्यंत बातमी शिळी झालेली असे. तो डोंगरी, भेंडीबाजार शोधायचा, मी जोगेश्वरी. आमच्या आळीत जे बोलले जाई ते त्याच्यासमोर उच्चारायची मला लाज वाटे. त्याच्याकडेही तसेच काही बोलले जात असणार. आम्ही एकमेकांना फक्त विचारायचो, “आज काय?”

इतिहासाच्या सरांच्या ते लक्षात आले होते. एके दिवशी त्यांनी धडा बाजूला ठेवला आणि मुंबईत कोणाकोणाचे नातेवाईक आहेत ते विचारले. जवळजवळ सगळा वर्ग उभा राहिला. सर म्हणाले, “बघून घ्या, आणि बसा.” त्यावर भाष्य त्यांनी केले नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काकांची तार आली : सर्व सुखरूप. मित्राचे चाचा आणखी आठवड्याने बायकामुलांसह कसालला एसटीतून उतरले. सामान म्हणजे एक पिशवी. ते परत मुंबईला राहायला गेले नाहीत.

१२ मार्चला बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. परीक्षेच्या दिवसांत पुन्हा तेच वाट पाहणे.

न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळापुढे आला. दंगलीच्या दोन्ही टप्प्यांत ९०० मृत्यू : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अनोळखी, इतर ५. हे आकडे मी वाचले तेव्हा मला सरांचा तो तास आठवला. आयोगाने वेगवेगळ्या रकान्यांत मोजलेल्या माणसांची काळजी आपल्या वर्गात शेजारी शेजारी बसली होती.

त्या दिवसांतली पत्रे किंवा तारा कोणाच्या घरी जपून ठेवल्या असतील तर मेळाव्याला जरूर आणाव्यात. काकांची तार मी आणणार आहे. मित्राचे नाव मुद्दाम दिलेले नाही. तो येणार आहे, सांगायचे असेल तर स्वतः सांगेल.