पांझरेचे बंधारे, तापीची दारं

सप्टेंबर १८७२मध्ये गिरणा आणि पांझरा एकाच वेळी फुगल्या. धुळ्यात गल्ल्याच्या गल्ल्या वाहून गेल्या. १८८० साली छापलेल्या खानदेशच्या गॅझेटिअरात या पुराची नोंद आहे, आणि त्याच ग्रंथात पांझरेवरच्या दगडी बंधाऱ्यांचीही माहिती आहे. काही तेव्हाच मोडकळीस आलेले, काही वाहते. पूर आणि बंधारा हा खानदेशचा जुना संसार आहे. आज आपल्या धरणांची वयं वाढत असताना आणि पाऊस लहरी होत असताना तो मांडायला हवा.

माझे वडील साक्री तालुक्यात पाटकरी, म्हणजे पाटाच्या पाण्याची व्यवस्था पाहणारे, होते. पावसाळा सरला की रात्रीच्या जेवणाला ते एवढंच बोलत, "उद्या पाटवर जानं शे." दुसऱ्या दिवशी फडातले सगळे खातेदार फावडी-टोपल्या घेऊन पाटावर. ज्याची जमीन, त्याच्या घरचा माणूस. गाळ उपसायचा, फुटलेला काठ दगड-मातीनं बांधायचा, मगच पाणी सोडायचं. जागल्या उभ्या पिकाची राखण करी, हवालदार देखरेख ठेवी, आणि या सगळ्यांची मजुरी सुगीच्या धान्यातून मिळे. पंचांनी ठरवलेलं सगळे पाळत.

बंधाऱ्याच्या पाण्यावर सामूहिक शेती भिजवायची ही फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानतात. बंधाऱ्याखालच्या थळाचे, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे, बहुधा चार फड पाडलेले असत. एका फडात एकच पीक: यंदा ऊस, पुढं धान्य, मग हरभरा, असं आळीपाळीनं. खातेदाराचा तुकडा एकाच जागी नसे, तर फडाफडांत विभागलेला असे. या मांडणीची खरी कसोटी कमी पाण्याच्या वर्षी लागे. पंच सांगत, यंदा दोनच फड भिजतील. त्या दोन्ही फडांत सगळ्यांची जमीन असल्यानं टंचाई एकट्यादुकट्याच्या नशिबी न येता सगळ्यांच्या वाट्याला सारखी येई. हवामान बदलाला तोंड कसं द्यायचं याचे पुष्कळ अहवाल मी नोकरीत चाळले. ही युक्ती मला त्यांच्यापेक्षा शहाणी वाटते.

आणि बंधारा बुटका. पूर आला की पाणी त्याच्या माथ्यावरून निघून जाई. मागं गाळ साचला तरी फारसं बिघडत नसे, कारण त्यानं पाणी साठवायचं नव्हतं, फक्त पाटात वळवायचं होतं. पाटातून येणारा गाळ शेताला खत म्हणून लागे. पण एक मर्यादा मान्य करायला हवी: नदी आटली की बंधाराही कोरडा. उन्हाळ्यात वडिलांना पाटावर काही कामच नसे. मोठी धरणं हवीच होती, असं मला आजही वाटतं.

ती आली. गिरणा धरण १९६९मध्ये पूर्ण झालं, तापीवरचं हतनूर १९८२मध्ये. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक झालो आणि नोकरीची बरीच वर्षं हतनूरच्या उजव्या कालव्यावर काढली. या धरणाची जागाच अवघड. मध्य प्रदेशातून येणारी तापी आणि वऱ्हाडातली काळी माती घेऊन येणारी पूर्णा यांच्या संगमाच्या खाली ते उभं आहे. पहिल्या पुराचं पाणी इतकं गढूळ असतं की ओंजळीत घेतलं तर तळहात दिसत नाही. धरणाची मूळ क्षमता ३८८ दशलक्ष घनमीटर. तिचा मोठा हिस्सा आता गाळानं खाल्ला आहे. भुसावळचं दीपनगर वीजकेंद्र याच पाण्यावर चालतं, म्हणजे हा गाळ शेतापुरता प्रश्न राहत नाही, तो विजेचाही आहे.

धरणाला ४१ दारं आहेत. पोटात जागा कमी उरली की मोठा पूर अडवता येत नाही, तो वेळेत पुढं काढून द्यावा लागतो. आणि पुढं आहे उकाई. १९७२मध्ये पूर्ण झालेलं, ३०० मेगावॉट जलविद्युत क्षमतेचं गुजरातचं धरण. ऑगस्ट २००६मध्ये तापीला महापूर आला, उकाईतून पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडालं. विजेसाठी धरण भरलेलं हवं आणि पुरासाठी ते रिकामं हवं, हा पेच तिथं उघडा पडला. हतनूरच्या विसर्गाची नोंद एक तास उशिरा पोचली तर त्याची किंमत खालच्या शहराला मोजावी लागते.

पाऊसही पूर्वीसारखा पडत नाही. गिरणा धरण दहा वर्षांहून जास्त काळ भरलं नाही आणि २०१९मध्ये भरलं. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस एका रात्रीत चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांनी घरं, गुरं, दुकानं ओढून नेली. जुने पूर-आकडे धरून बांधलेल्या सांडव्यांचा हिशोब आता नव्यानं तपासायला हवा. जुनी धरणं सुधारणं अशक्य नाही. भंडारदऱ्याला १९६९मध्ये भेगा दिसल्या, तेव्हा पाठीमागून आधारभिंती बांधून ते धरण वाचवलं गेलं. कोयनेलाही १९६७च्या भूकंपानंतर बळकटी दिली. पैसा लागतो, पण आधी लक्ष लागतं.

धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. त्यानुसार पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी करणं मालकावर बंधनकारक आहे. फडाचे पंच पाट साफ झाल्याचा हिशोब चावडीवर, सगळ्यांसमोर देत. हतनूर, गिरणा आणि पांझरेवरचं अक्कलपाडा या धरणांच्या खालच्या गावांनी तेवढंच मागावं. दर मे महिन्यात ग्रामसभेत अधिकाऱ्यांना बोलवा. किती दारं चालवून पाहिली, गाळ शेवटचा कधी मोजला, पाणी सोडण्याआधी भोंगा कोण वाजवणार, हे विचारा. उत्तर लेखी घ्या आणि पंचायतीच्या फळ्यावर लावा.