तापाच्या मुलखातली कसोटी

आज ज्याला जोयडा म्हणतात तो तालुका पूर्वी सुपा तालुका होता. सुपा गाव काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेले आणि कचेरी जोयड्याला आली. जोयड्याहून अणशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रानात, आमचे कुंभारवाडा गाव आहे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत मुंबईकडेच राहिला. त्या काळी घाटमाथ्यावरचा हा भाग बाहेरच्या माणसाला दोन गोष्टींसाठी ठाऊक होता, एक सागवान आणि दुसरा थंडीताप. आजी सांगायची, पाऊस सरून भात पोसवू लागले की घरटी एक तरी माणूस गोधडीखाली कुडकुडत पडलेला असे. मुलांची पोटे डाव्या बाजूला फुगलेली दिसत, कारण तापामागून ताप येऊन पाणथरी वाढलेली असे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. होमिओपॅथीचा आणि तिच्या अतिविरल औषधांचा इतिहास मला या तापाच्या बाजूने सांगायचा आहे. त्याची सुरुवातच मुळी थंडीतापाच्या औषधापासून होते, आणि त्या औषधांची परीक्षा कशी घ्यावी याचा उत्तम नमुनाही आमच्याच जिल्ह्यात घडून गेला आहे.

सॅम्युएल हानेमान हे जर्मन डॉक्टर १७९० मध्ये विल्यम कलेन या स्कॉटिश वैद्याच्या औषधिशास्त्रावरील ग्रंथाचे भाषांतर करत होते. सिंकोनाची साल कडू आणि तुरट असते, तिने पोट बळकट होते आणि म्हणून हिवताप जातो, असे कलेनने लिहिले होते. हानेमानना ते पटेना. कडू-तुरट झाडे इतकी आहेत, मग त्यांनी हिवताप का जात नाही? त्यांनी धडधाकट असताना स्वतःच सालीची पूड खाऊन पाहिली. बोटे गार पडली, छाती धडधडू लागली, तहान लागली, अंग गळून गेले. हिवतापाच्या रोग्याला होते तेच आपल्याला झाले, असे त्यांनी मानले. निरोग्यात जी लक्षणे एखादा पदार्थ निर्माण करतो, तीच लक्षणे असलेला रोग तो बरा करतो, हा सिद्धांत त्यांनी १७९६ मध्ये मांडला आणि १८१० च्या 'ऑर्गनॉन' या ग्रंथात त्याचे शास्त्र बांधले. त्या काळचे डॉक्टर रोग्याचे रक्त काढत, पारा पाजत. त्यांच्यापुढे हानेमानचा सौम्य उपचार कितीतरी माणुसकीचा होता. पण ज्या प्रयोगावर सारे उभे राहिले तो एकाच माणसाचा होता, आणि आपण काय खाल्ले हे त्या माणसाला माहीत होते.

औषधाचा विषारीपणा कमी करायला हानेमान ते पातळ करत गेले. औषधाच्या एका भागात ९९ भाग पाणी किंवा मद्यार्क घालायचा आणि बाटली ठोके देत हलवायची. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा ९९ भागांत. अशा तीस पायऱ्या झाल्या की औषधाच्या नावापुढे ३० लिहितात. जितके पातळ तितके प्रभावी, असा या पद्धतीचा दावा आहे.

विहिरीत टाकतात त्या परमँगनेटने मी हे मुलांना करून दाखवत असे. शंभर मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम पावडर घातली की पाणी इतके गडद जांभळे होते की आरपार दिसत नाही. पहिल्या पायरीला रंग उतरतो. दुसऱ्या पायरीला भांड्यामागे पांढरा कागद धरला तर किंचित गुलाबी झाक दिसते. तिसऱ्या पायरीला नुसते पाणी. "सर, संपलं," असे मुले म्हणत. संपलेले नसते, नजरेआड झालेले असते; त्या पाण्याच्या एका थेंबात अजून अब्जावधी रेणू असतात. मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडत असू. एका मोल पदार्थात सहावर तेवीस शून्ये इतके रेणू. प्रत्येक पायरीला दोन शून्ये जातात. बाराव्या पायरीला मूळ पदार्थाचा एक रेणू तरी शिल्लक राहील याची खात्री देता येत नाही. तिसाव्या पायरीपर्यंत आपण एकावर साठ शून्ये इतक्या संख्येने भागलेले असते. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांतले पाण्याचे रेणू मोजले तर ती संख्या ४७ आकड्यांत बसते.

हानेमान १८४३ मध्ये वारले. रेणूंच्या आकाराचा आणि संख्येचा पहिला अंदाज लोश्मिट यांनी १८६५ मध्ये बांधला. त्यामुळे हा हिशेब हानेमानच्या हाती नव्हता. आपल्या हाती तो दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे.

हिशेब न करताही प्रश्न सोडवता येतो, हे मात्र हानेमानच्या हयातीतच न्यूरेंबर्ग शहरातल्या लोकांनी दाखवले. मिठाची तिसावी पायरी घेतली की निरोगी माणसाला काहीतरी जाणवतेच, असे तिथल्या एका होमिओपॅथचे म्हणणे होते. १८३५ मध्ये शंभर बाटल्या भरल्या गेल्या. निम्म्यांत ते औषध होते आणि निम्म्यांत नुसते शुद्ध पाणी. बाटल्यांवर फक्त आकडे घातले, त्या मिसळून टाकल्या आणि कोणत्या आकड्यात काय याची यादी मोहोरबंद ठेवली. घेणाऱ्याला ठाऊक नाही, वाटणाऱ्यालाही ठाऊक नाही. पन्नास जणांचे निकाल आले. बेचाळीस जणांना काहीच जाणवले नव्हते. आठ जणांना काही जाणवले. त्यांतल्या पाच जणांनी औषध घेतले होते, तिघांनी पाणी. औषधाच्या चाचणीत आज जी दक्षता घेतात तिचा गाभा तिथे पूर्ण दिसतो, म्हणून मला ही घटना वैद्यकाच्या इतिहासात फार मोठी वाटते.

आमच्या किनाऱ्याला होमिओपॅथी आली ती वेगळ्या रूपात. ऑगस्टस म्युलर हे जर्मन जेझुइट धर्मगुरू १८७८ च्या अखेरीस मंगळुरास आले आणि १८८० मध्ये त्यांनी कंकनाडीला गरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना उघडला. १८९० मध्ये तिथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम झाला, १९०२ मध्ये प्लेगच्या रोग्यांसाठी रुग्णालय. ज्यांना घरचे लोकही शिवत नव्हते त्यांना तिथे अंथरूण मिळाले. कंकनाडीची औषधे टपालाने दूरदूर जात. आमच्या वडिलांची लाकडी पेटीही तिथूनच आली होती. आत खणांत करंगळीएवढ्या बाटल्या, वर 'चायना ३०', 'आर्सेनिक ३०', 'अर्निका' अशा चिठ्ठ्या. 'चायना' म्हणजे सिंकोनाच. रात्री कोणी दारात आले की वडील कंदील मोठा करत, रोग्याला चटईवर बसवत आणि सगळे शांतपणे ऐकून घेत. थंडी केव्हा भरते, तहान लागते का, घाम केव्हा फुटतो, झोप कशी लागते. मग चार साखरेच्या गोळ्या जिभेवर. डॉक्टर गाठायचा तर घाट उतरून कारवार किंवा रान ओलांडून हल्याळ. अशा मुलखात रोग्याचे म्हणणे कोणीतरी अर्धा तास ऐकणे ही मोठी गोष्ट होती, आणि मी ती कधीही लहान मानणार नाही.

पण थंडीतापाचा स्वभाव फसवा असतो. एक दिवसाआड पाळी येते, तीन-चार तास हुडहुडी आणि आग, मग दरदरून घाम फुटून अंग निवते. दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो, गोळी घेतलेली असो वा नसो. उठून बसलेल्या माणसाकडे पाहून गोळीचा गुण कळत नाही. म्युलर यांनी दवाखाना उघडला त्याच १८८० साली लाव्हेराँ यांनी अल्जीरियात रोग्याच्या रक्तात हिवतापाचे परजीवी पाहिले. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत ते डासाच्या पोटात सापडले. सिंकोनाच्या सालीतले क्विनीन हे परजीवी मारते, म्हणून ती साल लागू पडत होती. ते लागू पडायला रक्तात पुरेशा मात्रेत असावे लागते. हानेमानच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे होते, आणि 'चायना ३०' च्या बाटलीत क्विनीन उरत नव्हते.

याच मुलखात पुढे योग्य परीक्षा झाली. मुंबई प्रांताच्या मलेरिया विभागाचे डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी टी. रामचंद्र राव यांनी १९४६ मध्ये कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर आतून डीडीटी फवारायला सुरुवात केली. आमच्याकडचा ताप पसरवणारा डास संथ वाहत्या ओहोळांच्या कडेला वाढतो आणि घरात येऊन चावतो, भिंतीवर विसावतो. भिंतीवरच त्याला गाठायचे, असा बेत होता. महत्त्वाचे म्हणजे, फवारलेल्या गावांच्या जोडीला न फवारलेली गावेही मोजली गेली. मुलांना उताणे निजवून पाणथरी चाचपून पाहायची, रक्ताचे थेंब काचेवर घ्यायचे, दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडायचे. फवारलेल्या गावांत मुलांच्या पाणथऱ्या उतरत गेल्या. हा अनुभव १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाच्या पायात आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी रोगी आणि आठ लाख मृत्यू, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास आली. पुढे डास डीडीटीला सरावले, १९७६ मध्ये रोगी पुन्हा ६४ लाखांवर गेले. तेही मोजल्यामुळेच कळले.

अतिविरल द्रावणांवरचे संशोधन यानंतरही थांबले नाही. जाक बेनव्हेनिस्त यांनी १९८८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लिहिले की प्रतिपिंडाचा एकही रेणू उरलेला नसेल इतके पातळ द्रावणही रक्तपेशींवर परिणाम करते. संपादक जॉन मॅडॉक्स यांनी लेख छापला, पण प्रयोग आपल्यासमोर करून दाखवण्याच्या अटीवर. बेनव्हेनिस्त यांच्या पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत कोणत्या नळीत काय याची सांकेतिक यादी पाकिटात घालून छताला चिकटवली गेली. नळ्यांची नावे झाकल्यावर परिणाम दिसला नाही.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीत प्रशांत चिक्रमाने, ए. के. सुरेश, जयेश बेल्लारे आणि एस. जी. काणे यांनी २०१० मध्ये सोने, चांदी, तांबे, कथील, जस्त आणि प्लॅटिनम या धातूंची बाजारातली होमिओपॅथिक औषधे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. दोनशेव्या पायरीतही धातूंचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. बाटली हलवताना कण बुडबुड्यांसोबत वरच्या थरात जमतात आणि तोच थर पुढच्या पायरीत जातो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. हे काम गांभीर्याने वाचले पाहिजे, आणि त्याचा अर्थ शेवटपर्यंत न्यायला पाहिजे. सहाव्या, तिसाव्या आणि दोनशेव्या पायरीत कण सारखेच उरत असतील, तर पायरी वाढली की सामर्थ्य वाढते या सिद्धांताला त्याने आधार मिळत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या मिठाला किंवा वनस्पतींच्या अर्काला हे स्पष्टीकरण आपोआप लागू होत नाही. आणि बाटलीत कण आहेत एवढ्यावरून रोगी बरा होतो हे ठरत नाही. ते रोग्यांमध्येच पाहावे लागते.

तेही पाहून झाले आहे. २००५ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक औषधांच्या ११० चाचण्या शेजारी ठेवल्या गेल्या. त्यांतल्या मोठ्या आणि काटेकोर चाचण्या वेगळ्या काढल्यावर आधुनिक औषधांचा परिणाम टिकला, होमिओपॅथीचा औषध नसलेल्या गोळीहून वेगळा दिसला नाही. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये १७६ अभ्यास तपासले आणि होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारात मिळाला नाही, असे सांगितले. तरीही २०२० च्या कोरोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाच्या सल्ल्यावरून 'आर्सेनिक अल्बम ३०' गावोगाव वाटले गेले. वाटणाऱ्यांची कळकळ खरी होती. पण गोळी न मिळालेली गावे शेजारी ठेवून आकडे मांडले गेले असते, तर त्या कळकळीतून काही ज्ञानही उरले असते.

हा नियम मी होमिओपॅथीपुरता मागत नाही. आमच्या रानांत आता माकडतापाची भीती आहे. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा रोग गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गाच्या दोडामार्गातही पोचला. त्यावर कर्नाटकात अनेक वर्षे लस दिली जात होती. ती आधुनिक वैद्यकाने बनवलेली होती, सरकारने वाटलेली होती, आमच्या जिल्ह्यातल्या लोकांनी दंड पुढे करून घेतलेली होती. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांचे आकडे शेजारी ठेवल्यावर ती पुरेसे संरक्षण देत नाही असे दिसले, आणि २०२२ मध्ये ती थांबवली गेली. नव्या लशीचे काम सुरू झाले. कसोटीत उतरले नाही म्हणून औषध मागे घेण्याची ही तयारी ज्या वैद्यकात आहे, त्यावर मी विश्वास टाकतो. होमिओपॅथीच्या माझ्या मित्रांना मी एवढेच विचारतो, की दोनशे वर्षांत कोणते औषध तुम्ही असे यादीतून काढले? वडिलांसारखे रोग्याचे ऐकून घेणारे तुमच्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात परीक्षेला उतरलेले औषध असावे, एवढा हक्क तापाने पिढ्या गमावलेल्या या मुलखाला आहे.